शेंगतेलाच्या गावात ऑलिव्हची बाटली: निवडायची कशी, वापरायची कुठे

माझी पहिली ऑलिव्ह तेलाची बाटली दोन वर्षं पुरली, आणि तिथेच सगळं चुकलं. नणंदेने पुण्याहून आणून दिलेली. महागाची, म्हणून फ्रिजच्या डोक्यावर मानाने ठेवली आणि कुणी पाहुणे आले की थेंब थेंब काढली. एकदा मिरजेची आत्या आली होती. कोशिंबिरीवर घालायला मी बाटली काढली, तर तिने बूच उघडून नाकाशी धरलं आणि म्हणाली, "अगं, खवट झालंय की हे!"

आत्याने ऑलिव्हचं फळ आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण घाण्यावर उभं राहून तळहातावर तेल घ्यायचं, चोळायचं, हुंगायचं आणि मगच किटली पुढे करायची, हे तिने चाळीस वर्षं केलेलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सांगलीकडच्या घरात वाढलेल्या माणसाला ऑलिव्ह तेलाचं जवळजवळ सगळं आधीपासूनच ठाऊक असतं. फक्त बाटलीवरचे शब्द परके असतात.

पहिलं काम: हवंय कशाला, ते ठरवा

"हार्टला चांगलं असतं म्हणे" एवढ्यावर घरातलं सगळं तेल बदलायला निघाला असाल, तर थांबा. स्पेनमध्ये मोठा अभ्यास झाला होता. तो २०१३ साली छापून आला, पुढे त्याच्या पद्धतीतल्या चुका निघाल्या म्हणून आकडेमोड पुन्हा करून २०१८ मध्ये नव्याने छापला. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा मिळालेल्या लोकांना हार्ट अटॅक, पक्षाघात असे त्रास एकंदरीत कमी झाले, असं त्यात दिसलं. पण त्या लोकांचं सगळं जेवणच भाज्या, कडधान्यं, फळं, मासे असं होतं. रोज संध्याकाळी भजी खाऊन वर ऑलिव्हचा चमचा घेतला, तर काय होईल हे त्या अभ्यासाने सांगितलेलं नाही.

आणि उष्मांक? कुठलंही तेल घ्या, एका मोठ्या चमच्यात म्हणजे १५ मिलीत साधारण १२० कॅलरी. ऑलिव्ह त्याला अपवाद नाही. ऑलिव्हचं ज्याच्यासाठी कौतुक होतं ते ओलेइक आम्ल आपल्या शेंगतेलातही बऱ्यापैकी असतं, ऑलिव्हमध्ये आणखी जास्त असतं, इतकंच.

मग घ्यायचं कशाला? चवीला. माझं तरी उत्तर हेच आहे. चांगल्या ऑलिव्ह तेलाला हिरवट, कडसर, घशाशी तिखट अशी एक चव असते, आणि ती काही पदार्थांवर फार छान बसते. ती आवडली तर घ्या, नाही आवडली तर घाण्याचं शेंगतेल मजेत खा. त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं: बाटलीवरचे शब्द घाण्याच्या भाषेत वाचा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण पैसे इथेच वाया जातात.

शेंगदाणे घाण्यात घातले, पिळले, तेल निवळू दिलं, की झालं घाण्याचं तेल. वास आहे, रंग आहे, तळाशी थोडा गाळही आहे. ऑलिव्हच्या जगात याला म्हणतात एक्स्ट्रा व्हर्जिन. फळं दळायची, लगदा घुसळायचा, यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं करायचं. रसायन नाही, शुद्धीकरण नाही. बाटलीवर 'कोल्ड एक्स्ट्रॅक्शन' लिहिलं असेल, तर युरोपातल्या नियमाप्रमाणे ते काढताना तापमान २७ अंशांच्या वर गेलेलं नसतं. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायला तेलाची आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि चवीत एकही दोष चालत नाही.

ही आम्लता म्हणजे लिंबाचा आंबटपणा नव्हे, ती जिभेला कळतच नाही. फळ किती जपून हाताळलं आणि किती लवकर गाळलं, याचा तो दाखला. आपल्याकडे ऊस तोडल्यावर फडात पडून राहिला तर उतारा घसरतो आणि शेतकरी कासावीस होतो, तसंच हे. ऑलिव्ह हे फळ आहे. शेंगदाण्यासारखं पोत्यात भरून वर्षभर ठेवता येत नाही. तोडलं की शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गाळावं लागतं. युरोपात ही तोड ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमाराला चालते. बरोबर आपल्या कारखान्यांच्या गाळपाचे दिवस.

व्हर्जिन म्हणजे त्याच्या खालची पायरी, आम्लता २ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडच्या दुकानांत ते फारसं दिसत नाही.

आता नुसतं ऑलिव्ह ऑइल, किंवा प्युअर, किंवा क्लासिक. या 'प्युअर' शब्दाला भुलू नका. फळ डागाळलेलं होतं, तेल खायच्या लायकीचं निघालं नाही, म्हणून ते रिफाइंड केलं, वास-रंग-चव सगळं गेलं, आणि मग थोडं व्हर्जिन मिसळून त्याला जरा तोंडदेखली चव आणली, ते हे. वाईट नाही. स्वयंपाकाला चालतं. पण हे रिफाइंड तेल आहे एवढं माहीत असू द्या.

एक्स्ट्रा लाइट याचा अर्थ रंगाला आणि वासाला हलकं. वजन कमी करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. कॅलरी तेवढ्याच.

आणि पोमेस. दुकानात 'भारतीय स्वयंपाकासाठी खास' म्हणून मोठ्या डब्यात, स्वस्तात मिळतं ते बहुधा हेच. पोमेस म्हणजे चोथा, आपल्या भाषेत पेंड. तेल काढून झाल्यावर उरलेल्या पेंडीतून सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या रसायनाने, शेवटचं तेल ओढून काढायचं, ते रिफाइंड करायचं आणि त्यात थोडं व्हर्जिन घालायचं. खायला सुरक्षित आहे, कायदेशीर आहे. पण ज्या गावात शेंगदाण्याची पेंड म्हशीला घालतात, तिथे त्याच तऱ्हेच्या तेलाला शेंगतेलाहून जास्त पैसे का मोजायचे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

थोडक्यात, एकच बाटली घ्यायची असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिन, छोटी.

तिसरं: दुकानात

सांगलीत विश्रामबागच्या बाजूच्या मोठ्या दुकानांत पाच-सहा प्रकार सहज मिळतात. गणपती पेठेतल्या किराणा दुकानांतही आता एखाद-दुसरी बाटली असते. कुठूनही घ्या, पण या गोष्टी पाहून.

बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा. पारदर्शक प्लॅस्टिकची नको. प्रकाश हा या तेलाचा शत्रू आहे. याच कारणाने फळीवर सगळ्यात पुढे, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली मी उचलत नाही. मागे हात घालून मागची काढते. दुकानदार बघतो, बघू दे.

तारीख बघा. पॅकिंगची आणि 'बेस्ट बिफोर'ची. जिची मुदत सगळ्यात लांब तिला पसंती. काही बाटल्यांवर फळं तोडल्याचं वर्षही असतं. ते दिलं असेल तर मी त्या कंपनीला मनातल्या मनात दोन गुण जास्त देते.

बाटलीमागे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि शाकाहारी हिरवा ठिपका असला पाहिजे. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी ऑलिव्हची छोटी डबी. बाळाच्या मालिशसाठी आपल्याकडे ती कित्येक वर्षं घराघरात येते. काही डब्यांतलं तेल खाण्याचंच असतं, काही निव्वळ अंगाला लावायचं. डबीवर 'बाह्य वापरासाठी' असं असेल, किंवा हिरवा ठिपका आणि परवाना नसेल, तर ते ताटात आणू नका.

'इटलीचं' या शब्दाला फार भाव देऊ नका. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये होतं, आणि इटलीत बाटलीबंद होणारं पुष्कळ तेल स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाकडून तिथे गेलेलं असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. आपल्या देशात राजस्थानने इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड केली, बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसरला २०१४ मध्ये तेल काढायचा कारखानाही उभा राहिला. पण आपल्या दुकानातली बाटली बहुतेक वेळा परदेशीच असते.

आकार: चार माणसांच्या घरात रोज तीन-चार छोटे चमचे वापरलं तर अर्धा लिटर साधारण महिनाभर जातं. नवख्याने २५० मिलीच घ्यावी. लिटरचा डबा 'स्वस्त पडतो' हे खरं, पण खवट झालेलं तेल कितीला पडलं याचा हिशोब मी करून बसले आहे.

चौथं: घरी आल्यावर आधी नाक, मग जीभ

ही पायरी कुणी करत नाही. करा. छोट्या वाटीत चमचाभर तेल घ्या, वर तळहात झाका, खालून दुसऱ्या हाताच्या उबेत मिनिटभर धरा. मग हात काढून हुंगा. ताज्या तेलाला कापलेल्या गवताचा, टोमॅटोच्या पानाचा, कधी कच्च्या केळ्याचा वास येतो. मग घोटभर तोंडात घ्या आणि गरम चहा भुरकतो तसा तोंडाने थोडा वारा आत ओढा. जिभेवर कडसर लागेल, आणि गिळताना घशात मिऱ्यासारखी झणझण होईल. एखादा ठसकासुद्धा लागतो. घाबरू नका, तेल बिघडलेलं नाही. ओलिओकँथल नावाच्या घटकामुळे तसं होतं, आणि ते ताजेपणाचं लक्षण आहे.

बिघडलेल्याचा वास मात्र तुम्ही ओळखताच. भडंगाची पिशवी महिनाभर विसरली आणि तळाशी उरलेले चुरमुरे हुंगले की जो वास येतो, तो खवट वास. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास, किंवा शिरक्यासारखा आंबूस वास आला, तर फळ गाळायच्या आधीच सडलं होतं. अशी बाटली पावती घेऊन परत न्या.

रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे चांगलं आणि पिवळं म्हणजे भेसळ, असं काही नसतं. तेल चाखणारे जाणकार निळ्या काचेच्या पेल्यातून चाखतात, रंग दिसूच नये म्हणून. फ्रिजमध्ये ठेवून गोठतं का पाहा, वात लावून जळतं का पाहा, असल्या मोबाइलवर फिरणाऱ्या परीक्षांनीही काही सिद्ध होत नाही. थंडीत हे तेल गढूळ होतं, घट्टही होतं. महाबळेश्वरला थंडीत बाटली नेलीत तर सकाळी तुपासारखं दिसेल. उन्हं आली की पुन्हा पातळ होतं.

पाचवं: पहिला आठवडा गॅस पेटवायचा नाही

म्हणजे या तेलासाठी. कच्चं तेल खायची सवय आपल्याला नाही असं कोण म्हणतं? शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यात खळगा करून ओतलेलं तेल, हे आपलं रोजचं. तिथूनच सुरुवात करा.

पण कुठल्या चटणीत? शेंगदाण्याच्या चटणीला शेंगतेलच हवं, ऑलिव्ह तिथे उपरं वाटतं. जवसाच्या आणि कारळ्याच्या चटणीत मात्र ते झकास मिसळतं, कारण त्या चटण्या मुळात कडसर. हिरव्या मिरचीच्या खर्ड्यावर चमचाभर घालून बघा. माझ्या घरी आता खर्ड्याला दुसरं तेल चालत नाही.

वांग्याचं भरीत: मोठं वांगं गॅसवर किंवा चुलीत भाजा, सोला, काट्याने मोडा. बारीक कांदा, कोथिंबीर, मीठ, एक मिरची. दही घालणार नसाल तर अर्ध्या लिंबाचा रस आणि वरून दोन छोटे चमचे ऑलिव्ह तेल. फोडणी नको. भाजल्याचा धुरकट वास आणि तेलाचा हिरवट वास यांचं फार जमतं. कृष्णाकाठची वांगी असतील तर काही बोलायलाच नको.

टोमॅटो-काकडी-कांद्याची कोशिंबीर करताना एक क्रम पाळा: मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून आधी वाटीत एक चमचा लिंबाचा रस, त्यात मीठ आणि चिमूटभर साखर विरघळवा, मग तीन चमचे तेल घालून काट्याने फेटा. दुधट, दाटसर झालं की भाज्यांवर घाला आणि लगेच वाढा. थांबलात तर पाणी सुटतं.

गरमागरम तांदळाच्या उकडीवरही चालतं. आत्याला अजून पटलेलं नाही.

सहावं: आता गॅसवर

"एक्स्ट्रा व्हर्जिन तापवलं की विष होतं" हे तुम्ही ऐकलं असेल. तसं नाही. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनमधून धूर निघायला सुरुवात होते ती साधारण १९० ते २१० अंशांच्या आसपास, आणि घरातलं रोजचं परतणं त्याच्या खालीच चालतं. अडचण येते ती आपल्या सवयीची. आपण कढई मोठ्या आचेवर ठेवतो, तेल ओततो, कांदा चिरायला वळतो, आणि परत पाहतो तोवर धूर निघालेला. हे तेल असं सोडून चालत नाही. धूर दिसला की गॅस बंद, तेल टाकून द्या, पुन्हा सुरू करा.

लसूण-टोमॅटोवर हात बसवा. जाड बुडाच्या पॅनमध्ये दोन मोठे चमचे तेल थंडच घाला, त्यातच चार पाकळ्या लसूण काप करून टाका आणि मग मंद गॅस पेटवा. लसूण तेलाबरोबर हळूहळू तापतो, करपत नाही. कडा सोनेरी दिसू लागल्या की चार पिकलेले टोमॅटो चिरून, मीठ, थोडी तिखटाची पूड. वीस मिनिटं मंद आचेवर, अधूनमधून ढवळत. तेल कडेला सुटलं की झालं. मुलांच्या पास्त्यावर घाला, भाकरीबरोबर खा, वर अंडी फोडून झाकण ठेवा. एकदा केलंत की पुढच्या वेळी माप लागत नाही.

थालीपीठही मस्त होतं, कारण ते मुळात झाकण ठेवून मंद आचेवर भाजायचं. मधल्या भोकात आणि कडेने तेल सोडा. फोडणी करता येते, पण मोहरी तडतडली की लगेच पुढचं साहित्य घाला, वाट पाहू नका. खरं सांगायचं तर मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत ऑलिव्हची चव उरतच नाही. सांगलीच्या हळदीपुढे बिचाऱ्याने काय टिकायचं!

कुठे वापरू नये

तळणाला नाही. भजी, पुऱ्या, बटाटेवडे हे १७० ते १९० अंशांचं काम. तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण शेंगतेलाच्या कितीतरी पट पैसे देऊन कढईभर तेल जाळायचं आणि मग 'महागाचं आहे' म्हणून तेच पुन्हा पुन्हा तापवायचं, यात कुणाचंच भलं नाही. भडंगाला नाही, त्याचा खमंगपणा शेंगतेलाचाच. कटाच्या आमटीला नाही. वर्षाच्या लोणच्याला नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. कच्चा लसूण किंवा ओली मिरची तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवायची, दिसायला सुंदर दिसते म्हणून, हे करू नका. तेलाखाली हवा नसते आणि आंबटपणाही नसतो, अशा जागी बोटुलिझम या विषबाधेचे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष जिवावर बेतणारं असतं आणि त्याला वास-चव असेलच असं नाही. लसणाचं तेल करायचं तर थोडंच करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

ठेवायचं कुठे

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत का ठेवायचे? अंधार, गारवा, वारा लागत नाही. या तेलालाही नेमकं तेच हवं असतं. एप्रिल-मे मध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा शेगडीशेजारचा ओटा आणि फ्रिजचं गरम डोकं या दोन्ही जागा वाईट. खालच्या बंद कपाटात, भिंतीच्या थंड बाजूला ठेवा. बूच प्रत्येक वेळी घट्ट लावा. चोचीच्या किटलीत ओतून ठेवायचं असेल तर आठवड्यापुरतंच ओता, आणि पुन्हा भरताना किटली धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर तळातलं जुनं तेल नव्यालाही नासवतं. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

तरीही खवट झालंच, तर मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. माझी ती दोन वर्षांची बाटली आत्याने देवघरात नेली. पंधरा दिवस समई तिच्यावर चालली.